अक्षराची कसोटी : ब्राउझरमधील नव्या सुविधा आणि मराठी मजकूर – एक चिकित्सा

प्रस्तावना

महाजालावरील कोणतेही पान वाचकापर्यंत पोहोचते ते ब्राउझरच्या मार्फत. पानाचा मजकूर, त्याची मांडणी व त्यावरील अर्ज यांची रचना करणाऱ्यास फ्रंट-एंड डेव्हलपर म्हणतात. प्रस्तुत लेखात त्यासाठी ‘दर्शनी विकसक’ असा शब्द वापरला आहे. या विकसकासाठी ब्राउझर दर काही आठवड्यांनी नव्या सुविधा घेऊन येतात. त्यांचे स्वागत होते, त्यांवर व्याख्याने होतात आणि माहिती-तंत्रज्ञानाच्या अभ्यासक्रमांत त्यांचा यथावकाश समावेशही होतो. मात्र या सुविधा मराठी मजकुरावर नेमके काय परिणाम करतात, हा प्रश्न आपल्या अध्यापनात क्वचितच विचारला जातो. प्रस्तुत लेखाचा हेतू तोच प्रश्न विचारण्याचा आहे.

ठाणे व कल्याण-डोंबिवली परिसरातील महाविद्यालयांच्या दृष्टीने हा विषय दूरचा नाही. मानपाडा हे एकच नाव ठाण्यात घोडबंदर मार्गावर आणि डोंबिवलीतही आढळते. दोन्ही ठिकाणच्या वस्तीत माहिती-तंत्रज्ञान क्षेत्रात काम करणारा वर्ग मोठा आहे. आपल्या वर्गातून बाहेर पडणारा विद्यार्थी उद्या एखाद्या नगरपालिकेचा अर्ज, सहकारी बँकेचे पान किंवा ग्रंथालयाची सूची तयार करणार आहे. ती पाने वाचणारा नागरिक मराठी असेल. मराठी ही महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ नुसार राज्याची राजभाषा आहे आणि ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला अभिजात भाषेचा दर्जा देण्यास मान्यता दिली. या दोन्ही गोष्टी कागदावर राहू नयेत असे वाटत असेल, तर पडद्यावर मराठी अक्षराचे काय होते, याकडे पाहावेच लागेल.

पार्श्वभूमी : फॉन्टपासून युनिकोडपर्यंत

आजच्या सुविधांचे मूल्यमापन करण्यापूर्वी थोडा इतिहास लक्षात घेणे आवश्यक आहे. महाजालावरील मराठीच्या पहिल्या दशकात प्रत्येक संकेतस्थळाचा स्वतःचा फॉन्ट असे. मजकूर साठवला जाई तो रोमन अक्षरांच्या संकेतांत, आणि फॉन्ट त्या संकेतांवर देवनागरीचा मुखवटा चढवी. वाचकाकडे तो फॉन्ट नसल्यास पडद्यावर निरर्थक रोमन चिन्हांची गर्दी दिसे. पानासोबतच फॉन्ट पाठवण्याची सोय इंटरनेट एक्सप्लोररच्या चौथ्या आवृत्तीत १९९७ साली आली, तर नेटस्केपने त्याच सुमारास वेगळ्याच स्वरूपातील फॉन्ट स्वीकारले. परिणामी एका ब्राउझरसाठी केलेले पान दुसऱ्यात वाचता येत नसे.

युनिकोडने साठवणुकीचा प्रश्न सोडवला. देवनागरीतील प्रत्येक वर्णास, मात्रेस व चिन्हास स्वतंत्र संकेत मिळाला. र. कृ. जोशी यांनी तयार केलेला ‘मंगल’ फॉन्ट विंडोजसोबत येऊ लागला. १ मे २००३ रोजी मराठी विकिपीडिया सुरू झाला. पुढे फायरफॉक्सच्या ३.५ या आवृत्तीने २००९ साली पानासोबत फॉन्ट पाठवण्याची प्रमाणित पद्धत स्वीकारली आणि २०१२ साली ‘वॉफ’ हे फॉन्ट-स्वरूप अधिकृत शिफारस बनले. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘मुक्त’ फॉन्ट आज कोणताही विकसक मोफत वापरू शकतो, तो या वाटचालीमुळेच. अक्षरे जुळवण्याचे काम करणारी ‘हार्फबझ’ ही मुक्त आज्ञावली क्रोम, फायरफॉक्स व अँड्रॉइड या तिन्हींत आहे. त्यामुळे जोडाक्षरे सर्वत्र जवळपास सारखीच दिसतात.

येथपर्यंतची वाटचाल निःसंशय यशाची आहे. तथापि, अक्षर पडद्यावर दिसणे आणि ब्राउझरला ते अक्षर म्हणून कळणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. नव्या सुविधांची परीक्षा दुसऱ्या गोष्टीवर होते.

‘बेसलाइन’ या निकषाची मर्यादा

२०२३ साली ‘बेसलाइन’ नावाचा निकष पुढे आला. एखादी सुविधा क्रोम, एज, फायरफॉक्स आणि सफारी या प्रमुख ब्राउझरांत आली, की ती ‘नव्याने उपलब्ध’ मानली जाते, आणि त्यानंतर ३० महिने लोटले की ‘व्यापकपणे उपलब्ध’. विकसकाने कोणती सुविधा निर्धास्तपणे वापरावी, हे सांगणारी ही सोपी खूण आहे. तिच्याआधी ‘हे अमुक ब्राउझरमध्ये चालते का’ या शंकेत विकसकांचा पुष्कळ वेळ जात असे. तेव्हा या निकषाची उपयुक्तता नाकारण्याचे कारण नाही.

आक्षेप आहे तो तिच्या मोजमापावर. बेसलाइन ब्राउझर मोजते, लिपी मोजत नाही. एखादी सुविधा चारही ब्राउझरांत आहे, एवढेच ती सांगते. ती सुविधा देवनागरीत योग्य प्रकारे चालते की नाही, याविषयी ती मौन पाळते. इंग्रजी मजकूर लिहिणाऱ्यास हे मौन जाणवत नाही, कारण त्याच्यासाठी ब्राउझर व लिपी यांत अंतरच नाही. मराठी विकसकाने मात्र ‘व्यापकपणे उपलब्ध’ या शब्दांचा अर्थ ‘मराठीसाठीही उपलब्ध’ असा घेतल्यास त्याची फसगत होते.

या दृष्टीने नव्या सुविधांचे दोन वर्ग करता येतील. पहिला वर्ग अक्षराला स्पर्श न करणाऱ्या सुविधांचा. पानाचा एखादा भाग त्याला मिळालेल्या जागेनुसार स्वतःची मांडणी बदलतो, ही ‘कंटेनर क्वेरी’ची सुविधा फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्व ब्राउझरांत पोहोचली. आत काय आहे ते पाहून बाहेरच्या घटकास रूप देणारा ‘हॅज’ हा निवडक डिसेंबर २०२३ मध्ये पोहोचला. या सुविधांना लिपीशी कर्तव्य नसल्याने त्या मराठीलाही तितक्याच उपयोगी आहेत. शीर्षकाच्या ओळी समतोल तोडणारा ‘टेक्स्ट-रॅप’चा ‘बॅलन्स’ हा पर्याय तर मराठीला विशेष लाभदायक आहे. ‘महानगरपालिकेच्या’ यांसारखे लांब शब्द असलेले शीर्षक मोबाइलच्या अरुंद पडद्यावर येते, तेव्हा शेवटच्या ओळीत एकच शब्द लोंबकळत राहतो. हा दोष त्यामुळे बऱ्याच अंशी दूर होतो. मे २०२४ मध्ये सफारीने तो स्वीकारल्यावर ही सुविधा सर्व प्रमुख ब्राउझरांत आली.

दुसरा वर्ग अक्षराला स्पर्श करणाऱ्या सुविधांचा. खरा प्रश्न तेथे उद्भवतो.

अक्षर म्हणजे काय?

‘मानपाडा’ हा शब्द मराठी वाचकाच्या दृष्टीने चार अक्षरी आहे : मा, न, पा, डा. जावास्क्रिप्टला या शब्दाची लांबी विचारल्यास ती सात सांगते, कारण म, काना, न, प, काना, ड, काना असे सात संकेत तेथे साठवलेले असतात. ‘डोंबिवली’ चार अक्षरी असून तिचे संकेत आठ आहेत. ‘कल्याण’ तीन अक्षरी असून संकेत सहा आहेत. अर्जातील ‘नाव वीस अक्षरांपेक्षा अधिक नसावे’ ही अट प्रत्यक्षात संकेतांवर लावली जाते. त्यामुळे मराठी नावास इंग्रजी नावापेक्षा कमी जागा मिळते. अट घालणाऱ्याचा हेतू दुष्ट नसतो. त्याने ‘अक्षर’ हा शब्द इंग्रजी अर्थाने घेतलेला असतो, इतकेच.

यावर उपाय म्हणून ‘इंटल सेगमेंटर’ ही सुविधा आली. ती मजकुराचे वाचकाला जाणवणाऱ्या अक्षरांत विभाजन करते. क्रोमने ती २०२० मध्ये, सफारीने २०२१ मध्ये आणि फायरफॉक्सने एप्रिल २०२४ मध्ये उपलब्ध केली. परंतु विभाजनाचे नियम ब्राउझर स्वतः ठरवत नाही, ते युनिकोडकडून येतात. जुन्या नियमांनुसार ‘कल्याण’चे विभाजन क, ल्, या, ण असे चार तुकड्यांत होई. ‘स्त्री’चे स्, त्, री असे तीन तुकडे होत. मात्रा आपल्या व्यंजनाला चिकटून राही, मात्र हलन्ताशी जोडाक्षर तुटे. सप्टेंबर २०२३ मध्ये प्रकाशित झालेल्या युनिकोडच्या १५.१ या आवृत्तीत नवा नियम जोडला गेला आणि देवनागरीसह काही भारतीय लिपींतील जोडाक्षर अखंड मानले गेले. त्यानंतर ‘कल्याण’ तीन अक्षरी आणि ‘स्त्री’ एकाक्षरी ठरली.

मराठी शाळेतील दुसरीच्या मुलाला जे ठाऊक असते, ते संगणकीय प्रमाणास मान्य होण्यास २०२३ साल उजाडावे लागले. याबद्दल केवळ खंत व्यक्त करून भागणार नाही. ज्या यंत्रांवर जुना ब्राउझर आहे, तेथे जुनाच नियम चालतो. म्हणजे ‘सुविधा उपलब्ध आहे’ या एकाच विधानाखाली दोन भिन्न उत्तरे देणारे ब्राउझर नांदत असतात. बेसलाइनची खूण हा फरक दाखवत नाही.

शिरोरेषा आणि अलंकरण

अक्षरांचे अलंकरण करणाऱ्या सुविधांत लॅटिन लिपीचे गृहीतक अधिक ठळक दिसते. ‘लेटर-स्पेसिंग’ हा जुना गुणधर्म दोन अक्षरांत अंतर घालतो. इंग्रजी शीर्षकास त्याने भारदस्तपणा येतो. देवनागरीत मात्र अंतर घालताच शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे सुटे तुकडे दिसू लागतात. देवनागरीत शिरोरेषा हीच शब्दाची सीमा दाखवते. ती तुटली की वाचनातच अडथळा येतो. इंग्रजी पानासाठी केलेला सांगाडा जसाच्या तसा मराठीला लावण्याच्या सवयीतून हा दोष आजही अनेक मराठी पानांवर दिसतो.

परिच्छेदाचे पहिले अक्षर मोठे करण्याची प्रथा मराठी मासिकांना नवी नाही. त्यासाठीचा ‘इनिशियल-लेटर’ हा गुणधर्म क्रोमच्या ११० व्या आवृत्तीत फेब्रुवारी २०२३ मध्ये आला. हे मोठे अक्षर कोणत्या रेषेला टेकवावे, हा लिपीचा प्रश्न आहे. लॅटिन अक्षर पायाच्या रेषेवर बसते, तर देवनागरी अक्षर शिरोरेषेला लटकते. प्रमाण ठरवणाऱ्यांना हे ठाऊक होते. सीएसएसच्या मसुद्यात संरेखनाचा स्वतंत्र गुणधर्म असून त्यात ‘हँगिंग’ म्हणजे लटकणाऱ्या लिपींसाठीचा पर्याय नमूद आहे. परंतु क्रोमने पहिला गुणधर्म आणला, तेव्हा संरेखनाचा गुणधर्म त्यासोबत आला नाही. सोय आली, तिचा देवनागरीला हवा असलेला अर्धा भाग मागे राहिला.

याहून अलीकडचे उदाहरण ‘टेक्स्ट-बॉक्स’ या सुविधेचे आहे. डिसेंबर २०२४ मध्ये सफारीच्या १८.२ आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये क्रोमच्या १३३ या आवृत्तीत ती आली. ओळीच्या वर व खाली राहणारी मोकळी जागा छाटून मजकूर बटणाच्या किंवा चौकटीच्या बरोबर मध्यभागी बसवणे, हा तिचा हेतू. छाटणी कोठे करावी यासाठी लॅटिनची मोठ्या लिपीतील अक्षरांची उंची, लहान लिपीतील अक्षरांची उंची व पायाची रेषा हे पर्याय आहेत. चिनी-जपानी लिपींचाही विचार मसुद्यात आहे. शिरोरेषेचा पर्याय नाही. मराठीत शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार व अनुस्वार असतात आणि खाली उकार व ऋकार. लॅटिन मापाने छाटलेल्या चौकटीत ‘सूर्यकिरणांची’ हा शब्द ठेवल्यास त्याची चिन्हे चौकटीबाहेर डोकावतात, आणि चौकटीबाहेरील भाग लपवण्याची सूचना असल्यास ती चक्क कापली जातात. अनुस्वार कापला गेला तर ‘त्यांनी’चे ‘त्यानी’ होते, म्हणजे प्रश्न सौंदर्याचा न राहता अर्थाचा होतो.

येथे एक गोष्ट न्यायाने नमूद केली पाहिजे. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने भारतीय लिपींच्या मांडणीच्या गरजा नोंदवणारा दस्तऐवज तयार केला आहे. म्हणजे ज्ञानाचा अभाव हे कारण नाही. कारण आहे अग्रक्रमाचे. ब्राउझर तयार करणाऱ्यांकडे कामांची यादी लांब असते आणि ज्या दोषाविषयी कोणी तक्रार करत नाही, तो यादीच्या तळाशी राहतो.

अंक, वर्णक्रम आणि शोध

अर्ज, याद्या व शोध यांबाबतचे चित्र संमिश्र आहे. ब्राउझरला मराठी पद्धतीने संख्या लिहिण्यास सांगितल्यास तो एक लाख पंचवीस हजार ही संख्या ‘१,२५,०००’ अशी, देवनागरी अंकांत आणि भारतीय स्वल्पविरामासह लिहितो. ही सोय उत्तम आहे. परंतु तीच संख्या वापरकर्त्याने देवनागरीत टंकलिखित केली आणि जावास्क्रिप्टला तिचे मूल्य विचारले, तर ‘ही संख्या नव्हे’ असे उत्तर मिळते. अंक ओळखण्याची तिची नेहमीची खूणही शून्य ते नऊ या रोमन पद्धतीच्या अंकांपुरतीच आहे. पिनकोड मराठीत लिहिणाऱ्या नागरिकाचा अर्ज अशा तपासणीत ‘चुकीचा’ ठरतो. ब्राउझर मराठी अंक लिहितो, पण वाचत नाही. संख्या लिहिण्याची प्रमाणित सुविधा दिली गेली, तिची उलट क्रिया मात्र दिली गेली नाही.

वर्णक्रमाचे उदाहरण आपल्या रोजच्या लोहमार्गावरचे घेता येईल. कल्याण, कळवा व कसारा या स्थानकांची यादी साध्या क्रमवारीत लावल्यास याच क्रमाने येते, कारण युनिकोडमध्ये ‘ळ’ हा ‘ल’च्या लगेच पुढे आहे. मराठी वर्णमालेत ‘ळ’ हा ‘ह’नंतर येतो. त्यानुसार क्रम कल्याण, कसारा, कळवा असा हवा. ‘इंटल कोलेटर’ या सुविधेस मराठी भाषा सांगितल्यास ती वर्णमालेचा हा क्रम पाळते. म्हणजे येथे ब्राउझरने आपले काम केले आहे. ते काम त्याच्याकडून करवून घेणे विकसकाच्या हाती आहे.

शोधाचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोलगट भाग, हा भेद मराठीचा खास आहे. त्यातील अर्धा र दोन प्रकारे साठवता येतो : नुक्तायुक्त ‘ऱ’ वापरून, किंवा साध्या ‘र’ला हलन्त व अदृश्य जोडक चिन्ह लावून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. मात्र संकेतस्थळाच्या शोधपेटीमागे केवळ संकेतांची तुलना असेल, तर एका प्रकारे लिहिलेला ‘कर्मचाऱ्यांना’ हा शब्द दुसऱ्या प्रकारे शोधल्यास सापडत नाही. युनिकोडच्या प्रमाणीकरणाची प्रक्रियाही या दोहोंना एक मानत नाही. शासकीय परिपत्रकांत ‘शेतकऱ्यांना’ व ‘अधिकाऱ्यांनी’ हे शब्द पानोपानी येतात, हे लक्षात घेता या दोषाची व्याप्ती ध्यानात येईल.

आपली जबाबदारी

ब्राउझरवरील टीकेत आपला वाटा झाकला जाऊ नये. पानाची भाषा कोणती, हे सांगणारा ‘लँग’ हा गुणधर्म प्रत्येक पानाच्या पहिल्याच ओळीत लिहिता येतो. तेथे मराठीचा संकेत दिला, तर क्षमता असलेला फॉन्ट ‘ल’ व ‘श’ यांची मराठी रूपे वापरतो. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठी परंपरेतील जी रूपे प्रमाण मानली, ती पडद्यावर येण्याचा हाच मार्ग आहे. दृष्टिहीन वाचकासाठी मजकूर उच्चारणारी आज्ञावली याच खुणेवरून आवाज निवडते. ओळीअखेर शब्द तोडण्याची स्वयंचलित सोयही भाषा घोषित असल्याशिवाय चालत नाही. असे असूनही मराठी पानाच्या पहिल्या ओळीत इंग्रजीचा संकेत तसाच राहिलेला दिसतो, कारण तयार सांगाड्यात तो आधीपासून असतो आणि तो बदलावा, असे विद्यार्थ्याला कोणी सांगितलेले नसते.

यावर असा युक्तिवाद केला जातो की तयार आज्ञावली जोडून हे सर्व दोष दूर करता येतात. तो अंशतः खरा आहे. परंतु अशी प्रत्येक जोड पानाचे वजन वाढवते आणि तो भार साध्या मोबाइलवर, मंद जोडणीवर वाचणाऱ्या नागरिकावर पडतो. इंग्रजी वाचकाला जे ब्राउझरसोबत आपोआप मिळते, त्यासाठी मराठी वाचकाने वेगळे मोल द्यावे, ही स्थिती कायमची व्यवस्था म्हणून स्वीकारता येणार नाही.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१. अक्षराला स्पर्श न करणाऱ्या नव्या सुविधा मराठीसाठी निर्धास्तपणे वापरता येतात. अक्षराला स्पर्श करणाऱ्या सुविधांबाबत बेसलाइनची खूण पुरेशी नाही.

२. जोडाक्षराच्या विभाजनातील सुधारणा आणि मराठी वर्णक्रमाची सोय ही खरी प्रगती आहे. शिरोरेषेनुसार संरेखन व छाटणी आणि देवनागरी अंकांचे वाचन या ठळक उणिवा आहेत.

३. दर्शनी विकसनाच्या प्रात्यक्षिकात पाच नमुन्यांची कसोटी अनिवार्य करावी : ‘मानपाडा’ची लांबी चार यावी, ‘कल्याण’ तीन अक्षरांत विभागले जावे, ‘दऱ्या’ दोन्ही प्रकारे शोधता यावा, ‘सूर्यकिरणांची’ कोणतेही चिन्ह न गमावता चौकटीत बसावा, आणि ‘१२३’ ही संख्या म्हणून स्वीकारली जावी. या कसोटीस प्रयोगशाळेतील एक तास पुरतो.

४. कसोटीत आढळलेला दोष वहीत न ठेवता ब्राउझरच्या खुल्या दोषनोंदणीत विद्यार्थ्याकडून नोंदवून घ्यावा. क्रोमियम व फायरफॉक्स या दोन्ही प्रकल्पांच्या नोंदी सर्वांसाठी खुल्या आहेत.

हा चौथा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मराठी विषयाचा अध्यापक व संगणकशास्त्राचा अध्यापक यांच्या खोल्या आपल्या महाविद्यालयांत बहुधा वेगळ्या मजल्यांवर असतात. जोडाक्षर कोठे तुटते हे पहिल्यास कळते आणि ती तक्रार कोठे व कशी नोंदवावी हे दुसऱ्यास ठाऊक असते. या दोघांनी मिळून एका सत्रात दहा दोष जरी नीट लिहून पाठवले, तरी त्या लांब यादीत मराठीची नोंद होईल.